ती, तो आणि ते लेकरू

शालू, बस अशी माझ्यासमोर. मेथी निवडता निवडता बोलू. जे डोळ्यांत बघून बोलता येत नाही, ते हातात भाजी असली की बोलता येतं. आपल्या आईची हीच रीत होती.

तू फोनवर सांगितलंस ते तीन दिवस डोक्यातून जात नाहीये. तुझ्या नववीच्या वर्गातली ती मुलगी. पाळी अजून आली नाही, आवाज घोगरा झालाय, ओठावर लव दाटलीय, मैदानात पोरांना मागं टाकते. आईबाप दिवाळीनंतर टोळीबरोबर उसाला गेलेत, घरी फक्त आजी. पोरं मागून टाळ्या वाजवतात. आणि त्या दिवशी स्टाफरूममध्ये तिच्यावरून वाद पेटला. एक सर म्हणाले, देवानं दोनच जाती केल्या, बाई आणि बाप्या, बाकी सगळं शहरातलं खूळ. नवीन आलेले सर म्हणाले, बाईपण काय न् पुरुषपण काय, सगळं समाजानं शिकवलेलं, देहाचा त्यात काही संबंध नाही. मधली सुट्टी संपली तरी वाद संपला नाही. आणि रात्री तू मला विचारलंस, "ताई, खरं कोणाचं? आणि मी तिला म्हणू तरी काय?"

खरं कोणाचं ते सांगते. पण आधी माझं एक ऐक. तीस वर्षं नर्स म्हणून मी प्रसूतीच्या खोलीत उभी राहिले, आणि बाळ बाहेर आल्या आल्या पहिला शब्द बहुतेक वेळा माझ्या तोंडून गेला. मुलगा. मुलगी. त्या एका शब्दावर बाहेर पेढे वाटले जायचे नाहीतर सासू पदर सावरून निघून जायची. शब्दाचं वजन किती असतं ते आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

आपले अण्णा व्याकरण शिकवायचे तेव्हा तू पाळण्यात होतीस. ते सांगायचे, लिंग म्हणजे मुळात खूण. परळीला वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आहे, तेही लिंगच. वहीत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. माझ्या दवाखान्याच्या भिंतीवर पाटी, इथं गर्भलिंगनिदान होत नाही. आणि देहाच्या अवयवालाही तोच शब्द, म्हणून तू वर्गात उच्चारलास की मागच्या बाकावर माना खाली जातात. एका शब्दाच्या डोक्यावर आपण इतकी ओझी ठेवली आहेत. मग तुमच्या स्टाफरूममधले दोघे एकमेकांशी भांडत असताना खरं तर वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते, आणि शब्द एकच असल्यामुळे ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

अण्णा तर म्हणायचे की हा वाद पतंजलीच्या काळचा आहे. महाभाष्यात तो चर्चा करतो की देहाच्या खुणांवरून, स्तन, केस, लव यांवरून, शब्दाचं स्त्रीत्व-पुरुषत्व ठरवायचं का. आणि मग त्याच्या लक्षात येतं की खाटेला यातली एकही खूण नाही, तरी संस्कृतात ती स्त्रीलिंगी. आपल्या घरातच बघ. तांब्या तो, वाटी ती, ताट ते. ऊस तो, मोळी ती, पाचट ते. व्याकरणातलं लिंग आणि देहातलं लिंग एक नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वी वैयाकरणांना कळलं होतं.

इंग्रजीत यासाठी दोन शब्द वापरतात, सेक्स आणि जेंडर. पण तिथंही जेंडर हा आधी मुख्यतः व्याकरणाचाच शब्द होता. १९५५ मध्ये जॉन मनी नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञानं तो माणसाला लावला, आणि कुणाबद्दल लावला माहीत आहे? ज्यांच्या देहात दोन्हीकडच्या खुणा आहेत अशा मुलांबद्दल. म्हणजे अशा लेकरांवरूनच हा सगळा शब्दव्यवहार सुरू झाला. त्याच मनीच्या सल्ल्यानं झालेल्या काही उपचारांनी पुढं मुलांचं फार नुकसान झालं, तेही विसरू नकोस. नंतर स्त्रीवादी अभ्यासकांनी हा शब्द उचलला, मुलीनं भांडी घासावीत हे गर्भाशयात लिहिलेलं नसतं, हे सांगायला. मराठीत त्यासाठी 'लिंगभाव' शब्द घडवला गेला. चांगला शब्द आहे, मला आवडतो. पण तुझ्या गावच्या पारावर तो कुणाला कळणार नाही. तिथं तू म्हण, देह एक आणि मन एक. ते कळतं.

आता तुझ्या शाळेच्याच तालुक्यातली गोष्ट. माजलगाव तालुक्यातलं राजेगाव. १९८८ मध्ये तिथं एक बाळ जन्मलं, घरच्यांनी मुलगी समजून ललिता नाव ठेवलं. ललिता साळवे २०१० मध्ये बीड पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाली. पुढं देहात काही वेगळं जाणवलं, तपासण्या झाल्या, आणि कळलं की गुणसूत्रं एक्स-वाय आहेत, म्हणजे बहुतेक पुरुषांत असतात तशी. २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजेचा अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. कारण काय, तर पुरुष शिपाई आणि महिला शिपाई यांच्या भरतीचे उंची-वजनाचे निकष वेगळे, मग महिला म्हणून घेतलेल्या माणसाला पुरुष म्हणून कसं ठेवायचं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, तिथून मॅटकडं, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडं, बोट दाखवलं गेलं, शेवटी सरकारनं परवानगी दिली. २५ मे २०१८ ला मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आणखी झाल्या. ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून नोकरीवर परत आले. २०२० मध्ये लग्न झालं, जानेवारी २०२४ मध्ये घरी बाळ आलं.

सगळ्या बातम्यांत शब्द एकच होता, लिंगबदल. 'बीडच्या महिला पोलिसाचा लिंगबदल.' मी ती बातमी ड्युटीवर वाचली आणि मला वाटलं, हा शब्दच चुकलाय. बदललं काय? पुरुषाचे अवयव जन्मापासून होते, पण वाढ अपुरी होती. डॉक्टरांनी ते नीट बांधून दिले. वैद्यकशास्त्रात याला पुनर्रचना म्हणतात. बदलली ती नोंद. एकोणतीस वर्षांपूर्वीचा एक शब्द चुकला होता, तो दुरुस्त झाला.

आणि म्हणूनच सगळ्यांना एकाच टोपलीत घालू नये. ज्याचा देह जन्मतःच नेहमीच्या दोन चौकटींत बसत नाही, त्याची गोष्ट वेगळी. ज्याचा देह स्पष्ट पुरुषाचा किंवा स्त्रीचा आहे पण मन त्याला जुळत नाही, त्याची वेगळी. पहिल्याला आंतरलिंगी किंवा द्विलिंगी म्हणतात, दुसऱ्यासाठी आता पारलिंगी हा शब्द रुळतोय. डॉक्टर लोकही यावर भांडलेत. पूर्वी त्यांच्या पुस्तकांत जे शब्द होते ते आज उच्चारवत नाहीत. २००६ मध्ये त्यांनी एकत्र येऊन ठरवलं की लैंगिक विकासातला 'विकार' म्हणायचं. मग अशी माणसंच म्हणाली, आम्ही विकार नाही, आमचं वेगळेपण म्हणा. मला त्यांचं पटतं. काहींना उपचार लागतात हे खरं, पण म्हणून अख्ख्या माणसाला विकाराचं नाव कशाला?

तुला शरीराचं थोडं सांगते, कारण उद्या आजी विचारील. पोटात पहिले सहा-सात आठवडे सगळ्या बाळांच्या जननेंद्रियांची घडण सारखीच असते. नंतर वाय गुणसूत्र असेल तर त्यातल्या एका जनुकाच्या सांगण्यावरून वृषण तयार होतात, ते संप्रेरक सोडतात आणि बाळ मुलाच्या वाटेनं जातं. या वाटेवर कुठंतरी निरोप पोचला नाही, संप्रेरक कमी पडलं किंवा देहानं ते ओळखलं नाही, तर वाय असूनही बाळ बाहेरून मुलगी दिसतं. काही जणांत वयात येताना संप्रेरकांचा जोर वाढतो आणि तेव्हा आवाज फुटतो. उलटही होतं. गुणसूत्रं एक्स-एक्स असतात, पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथी पुरुषी संप्रेरक जास्त सोडतात. त्यातल्या काही बाळांच्या अंगातलं मीठ इतकं कमी होतं की वेळेवर औषध नाही मिळालं तर जीव जातो. म्हणून म्हणते, 'देहाचा काही संबंध नाही' असं म्हणणाऱ्या त्या सरांना माझा नमस्कार सांग आणि सांग की देहाचा संबंध असतो, कधी कधी जिवाशी असतो.

आता माझं ऐक, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. दवाखान्याचं नाव घेत नाही. पावसाळ्यातली रात्र, लाईट गेलेली, डॉक्टर नव्हते. कंदिलाच्या उजेडात बाळंतपण झालं. बाळ रडलं, मी पुसलं, बघितलं, आणि मला कळेना. आई दमलेल्या आवाजात विचारतेय, "सिस्टर, काय झालं वो?" माझ्या मागं दाई उभी होती, ती पुटपुटली, "धड ना हे, ना ते." मी घाबरले. त्या बाईनं ते ऐकू नये म्हणून मोठ्यानं म्हणाले, "मुलगी झाली, लक्ष्मी आली." आणि रजिस्टरवर लिहिलं, स्त्री. सकाळी डॉक्टर येईपर्यंत नातेवाईक बैलगाडीतून बाळंतिणीला घेऊन गेले होते. मी पाठपुरावा केला नाही. मला वेळ होता. मी केला नाही.

सोळा वर्षांनी ती बाई मला शोधत आली. सोबत पंजाबी ड्रेस घातलेलं, खाली मान घातलेलं पोर. मिसरूड फुटलेलं. शाळा नववीत सोडलेली. त्या आईनं मला दोष दिला नाही गं. ती म्हणाली, "बाई, तुमीच पहिल्यांदा बघितलं होतं, म्हणून तुमालाच विचाराय आले, ह्याला आता काय म्हणावं?" तुझाच प्रश्न, शालू. शब्द न् शब्द तोच.

मी त्या पोराला आत नेलं, दार लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारला. "बाळा, तुला स्वतःला काय वाटतं?" ते बराच वेळ बोललं नाही. मग म्हणालं, "मी लहानपणापासून मनात 'मी आलो' म्हणतो. तोंडानं 'आले' म्हणतो."

बघ शालू, एका मात्रेचा फरक. इंग्रजीत, बंगालीत 'मी आलो' म्हणताना आपण बाई की पुरुष हे सांगावं लागत नाही. मराठीत ते पोर सोळा वर्षं वाक्यागणिक खोटं बोलत होतं. भाजी आणते, पाणी भरते, जाऊन येते. आणि तो पहिला खोटा शब्द मी दिला होता.

आज तो पुण्याकडं कंपनीत काम करतो. मला मावशी म्हणतो. मी अजूनही त्याला बाळा म्हणते. 'बाळ' ते असतं ना, तो किंवा ती नसतं. आपल्या मराठीनं लेकरासाठी एक जागा राखून ठेवली आहे. ते लेकरू, ते पोर, ते बाळ. नपुंसकलिंग हे त्या जागेचं नाव मात्र मला कधीच आवडलं नाही.

त्याच्या कागदांची फरपट सांगितली तर रात्र होईल. जन्माची नोंद एक सांगते, शाळेचा दाखला तेच सांगतो, जातीचा दाखला त्यावरून, बँक त्यावरून, आणि समोर उभा माणूस वेगळाच. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं नालसा खटल्यात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठींनीही आपली बाजू मांडली होती. मग २०१९ चा कायदा आला. त्यात ओळखपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायचं ठरलं, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी तर वैद्यकीय उपचाराचा कागद मागितला. लोक रस्त्यावर उतरले, म्हणाले न्यायालयानं दिलं ते कायद्यानं अर्धं काढून घेतलं. शिवाय त्या कायद्यानं द्विलिंगी माणसांनाही ट्रान्सजेंडरच्याच व्याख्येत बसवलं, आणि त्यातल्या अनेकांना ते मान्य नव्हतं. हे नियम बदलत राहतात, म्हणून कागदाचं काम काढायच्या वेळी चांगल्या वकिलाला विचारूनच पाऊल टाकायचं.

आणि कागदावरून निवडणूकही अडते. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकच्या पारलिंगी अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या राखीव जागेवरून अर्ज भरला. अर्ज बाद केला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं त्यांना स्त्री म्हणून लढू दिलं, मात्र पुढं फायद्यासाठी पुन्हा पुरुष म्हणून ओळख बदलायची नाही, असंही बजावलं. त्या लढल्या आणि निवडून आल्या. गावानं मतं दिली, शालू. गावाला कळत नाही असं शहरातली माणसं म्हणतात तेव्हा मला भादली आठवते.

आता त्या दुसऱ्या सरांकडं वळते, देवानं दोनच केल्या म्हणणाऱ्या. त्यांच्या बोलण्यात एक भीती आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना वाटतं, शब्द सैल केले तर बाईला बाई म्हणता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट साधी नाही. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या, सगळ्या महाराष्ट्रात कमी. तो आकडा देहावरून मोजला होता. पोटातल्या ज्या मुली मारल्या गेल्या, त्यांना स्वतःची ओळख सांगायची संधीच मिळाली नव्हती, सोनोग्राफीच्या पडद्यावर देह दिसला तेवढ्यावर निकाल लागला. मग देह बघायचाच नाही, मोजायचाच नाही, असं मी कशी म्हणू? ज्या कारणानं अन्याय होतो त्या कारणाचं नाव भाषेत शिल्लक राहिलंच पाहिजे.

पण त्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट त्या सरांना विचार. बाई म्हणजे जिला गर्भाशय आहे, असं त्यांना म्हणायचंय ना? २०१९ मध्ये सरकारच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी चाळिशीच्याही आत. पाळीत खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, अंगावरून पांढरं जातं, कुणीतरी म्हणतं कॅन्सर होईल, काढून टाका. या तेरा हजार जणी काय बायका राहिल्या नाहीत? त्यांच्यासमोर जाऊन ही व्याख्या सांगण्याची माझी हिंमत नाही. कमळामावशीची पिशवी तिसाव्या वर्षी काढली, आठवतं का तुला? ती तिच्या नवऱ्याच्या बरोबरीनं मोळ्या वाहायची आणि आपल्याला न्हाऊ घालायची.

म्हणून खरं कोणाचं, याचं माझं उत्तर असं आहे, बघ तुला पटतंय का. मोजायचं असेल, औषध द्यायचं असेल, गर्भातल्या मुली वाचवायच्या असतील तेव्हा देहाचा शब्द लागतो, आणि तो स्पष्ट लागतो. हाक मारायची असेल, शेजारी बसवायचं असेल तेव्हा त्या माणसाचा स्वतःचा शब्द लागतो. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं की माणूस चिरडतो.

सगळे पेच यानं सुटत नाहीत, हे मी कबूल करते. खेळाचंच घे. पोलीस भरतीत मुली ८०० मीटर धावतात, मुलं १६००. आपल्या जिल्ह्यातल्या किती पोरी पहाटे रस्त्याच्या कडेनं त्या ८०० साठी पळतात. त्यांच्या शर्यतीत देहाचा फरक पडतो हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण तमिळनाडूच्या शांती सौंदराजनचं काय झालं? २००६ मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रुपेरी पदक मिळालं आणि चाचणीनंतर काढून घेतलं गेलं. गरीब घरची पोर, आपण वेगळ्या आहोत हे तिला जगाबरोबरच कळलं. नियम काहीही ठेवा, पण हे असं चव्हाट्यावर करायचं? तिकडं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या समानतेच्या कायद्यात 'स्त्री' म्हणजे देहानं स्त्री, आणि पारलिंगी माणसांना भेदभावापासूनचं संरक्षण तरीही आहेच. त्यावरही दोन्ही बाजूंनी लोक रडले. म्हणजे मोठमोठ्या न्यायाधीशांना जे एका शब्दात बसवता येत नाही, ते तुमच्या मधल्या सुट्टीत मिटलं नाही म्हणून तू जिवाला लावून घेऊ नकोस.

टाळ्या वाजवणाऱ्या पोरांचं मात्र आजच मिटव. त्यांना ओरडून नाही. त्यांना विचार, टाळी का वाजवता? तो कुणाचा अपमान समजता? हिजडा हा शब्द शिवी म्हणून फेकला जातो, आणि त्याच ठाण्याच्या लक्ष्मीताईंनी त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच तो शब्द मानानं घातला, 'मी हिजडा, मी लक्ष्मी'. त्यांनी स्वतःसाठी म्हटला म्हणून आपण दुसऱ्याला म्हणायचा नाही. बाजारात येणाऱ्या त्या मावश्यांना आपण मावशी म्हणतो, तसं म्हणत राहायचं. लिहायचं असेल तेव्हा तृतीयपंथी. आणि तुझ्या मुलीला यातलं काहीही म्हणायचं नाही, कारण ती काय आहे ते अजून कुणालाच माहीत नाही. कदाचित पाळी उशिरा येणारी साधी मुलगी असेल. कदाचित नसेल. पंधरा वर्षं होऊनही पाळी नाही आली तर डॉक्टरांना दाखवायचंच, आणि हिचा तर आवाजही बदललाय, म्हणून आत्ताच दाखवायचं.

कसं करायचं ते सांगते. शाळा तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं ना, अठरा वर्षांपर्यंतची मुलं ते बघतात. त्यातल्या डॉक्टर बाईंशी एकटीनं बोल, स्टाफरूममध्ये नको. त्या पुढं पाठवतील. मला विचारशील तर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ने. रक्त तपासतील, सोनोग्राफी होईल, गुणसूत्रांची तपासणी लागली तर ती बाहेर पाठवावी लागेल आणि निकालाला दिवस लागतील. तपासणीच्या खोलीत डॉक्टर, तू आणि एक नर्स यांच्याशिवाय कुणी नको. शिकाऊ मुलांचा घोळका आला तर तू उभी राहा आणि नको म्हण. तिचा हक्क आहे तो. ऑपरेशनची कुणी घाई केली तर थांब. मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तमिळनाडूनं २०१९ मध्ये जीवाला धोका नसेल तर बालकांवर अशा शस्त्रक्रिया करायला बंदी घातली. आपल्याकडं तसा नियम असो नसो, हे लेकरू नववीतलं आहे, त्याला बोलता येतं.

आजीला काय सांगायचं? 'पाळी आली नाही, ग्रंथीची तपासणी करायचीय.' खोटं नाही आणि घाबरवणारंही नाही. 'धड ना हे, ना ते' हे शब्द तुझ्या तोंडून तर नकोतच, पण दुसऱ्या कुणी काढले तर तिथंच अडव. मी अडवले नव्हते.

आणि एक गोष्ट, जिची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. आईबाप पाडव्याच्या आसपास परत येतील. उसाला कोयता म्हणजे जोडपं, एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्याला उचल अर्धी. म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. हिच्याबद्दल गावात कुजबुज आहे, तेव्हा आजी म्हणेल, झाकली मूठ उजवून टाकू. त्या लेकरावर यापेक्षा मोठा घाला दुसरा नसेल. पहिल्याच रात्री सगळं त्याच्यावरच उलटेल. तशी चाहूल लागली तर ग्रामसेवकाला लेखी दे, बालविवाह रोखायची जबाबदारी त्याची आहे, आणि १०९८ ला फोन कर. नाव सांगायची गरज नाही.

तोपर्यंत हजेरीत जे नाव आहे त्याच नावानं हाक मार. एक दिवस शाळा सुटल्यावर थांबवून घे, झाडाखाली बस, हातात काहीतरी काम दे, वह्या लावायला सांग. मग विचार, "बाळा, तुला काय वाटतं?" लगेच उत्तर नाही आलं तर गप्प बस. ते बोलेल तेव्हा 'आलो' म्हणतंय की 'आले' म्हणतंय, तेवढं फक्त ऐक. दुरुस्त करू नको.

मेथी झाली का गं? देठ इकडं दे. गुरुवारी अंबाजोगाईला जाणार असशील तर मीही येते, सकाळच्या एसटीनं. आजीसाठी चार भाकरी जास्त बांधते.